युनिव्हर्सल डोनर कोण? आणि क्विझमध्ये विचारावेत असे आणखी काही प्रश्न



गणपती जवळ आले की नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये कार्यक्रमांची जुळवाजुळव सुरू होते. रांगोळी, पाककृती, छोट्यांची वेशभूषा आणि एका संध्याकाळी प्रश्नमंजूषा. अलीकडे तरुण मंडळी शनिवारी पबमध्येही क्विझ खेळायला जातात. माझ्याकडे दोन्हीकडचे लोक येतात आणि मागणी एकच असते : "डॉक्टर, मेडिकलचे चार-पाच भन्नाट प्रश्न द्या ना, कोणाला येणार नाहीत असे."

मी आनंदाने देतो. पण त्याबरोबर माझं एक मतही ऐकवतो, तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

क्विझमधली आरोग्याची फेरी ठरलेली असते. शरीरात हाडं किती? २०६. सगळ्यांत लहान हाड कोणतं? कानातलं. सगळ्यांत मोठा अवयव? त्वचा. हे सगळं बरोबर आहे आणि त्यात गंमतही आहे. पण ही उत्तरं माहीत असल्यामुळे रात्री दोन वाजता तुमच्या घरात कोणाचंही काहीही वेगळं होत नाही. माझं म्हणणं असं की आश्चर्य वाटावं असे, आणि तरीही कधीतरी जीव वाचवतील असे प्रश्न वैद्यकात भरपूर आहेत. त्यातले कित्येक तर आपल्या मुंबई-महाराष्ट्रातलेच आहेत. मग ते का विचारू नयेत?

काही जण म्हणतात, क्विझ म्हणजे करमणूक, तिथे आरोग्य शिबिर कशाला? त्यांचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच मला क्विझ आवडते. मधुमेहावर भाषण ठेवलं तर चाळीस खुर्च्या मांडल्या जातात आणि दहा भरतात, त्यातले चौघे फोनमध्ये असतात. क्विझमध्ये चुकलेलं उत्तर मात्र माणूस वर्षभर विसरत नाही. ट्रिव्हिया हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ 'तीन रस्ते मिळतात ती जागा', म्हणजे आपला तिठा. तिठ्यावरच्या गप्पा किरकोळ समजल्या जातात, पण आपल्याकडे आरोग्याचे बहुतेक निर्णय तिठ्यावरच होतात. तर तिथे खरी माहिती फिरू दे.

प्रश्न पहिला : युनिव्हर्सल डोनर कोण?

सगळे एका सुरात सांगतात, "ओ निगेटिव्ह!" शाळेपासून पाठ आहे. आता पुढचा प्रश्न : असा कोणता रक्तगट आहे ज्याला ओ निगेटिव्ह रक्तही चालत नाही?

उत्तर : बॉम्बे रक्तगट. हो, आपल्या मुंबईच्या नावाचा. परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधले डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी हा गट शोधला, आणि १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. मुंबईतल्या तीन व्यक्तींचं रक्त कोणत्याच माहीत असलेल्या गटात नीट बसत नव्हतं, तिथून हे सुरू झालं.

नेमकं काय वेगळं असतं? रक्तातल्या लाल पेशींवर एक पायाभूत पदार्थ असतो, त्याला एच म्हणतात. जोत्यावर भिंत उभी करावी तसे या एचवर ए आणि बी हे पदार्थ चढवले जातात. ए चढला की ए गट, बी चढला की बी, दोन्ही चढले की एबी. काहीच चढलं नाही, नुसतं जोतं राहिलं, की ओ. बॉम्बे गटाच्या माणसात ते जोतंच नसतं. त्यामुळे ए आणि बी बांधण्याची माहिती जनुकात असली तरी त्यांना उभं राहायला जागा नसते.

आता धोका कुठे आहे तो पाहा. पॅथॉलॉजीत काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन जी नेहमीची चाचणी करतात, ती फक्त ए आहे का आणि बी आहे का, एवढंच विचारते. बॉम्बे गटात दोन्ही नसतात, म्हणून रिपोर्टवर 'ओ' लिहून येतं. पण या माणसाच्या रक्तात एचविरुद्ध जबरदस्त प्रतिपिंडं असतात, आणि ओ गटाच्या पेशींवर सगळ्यांत जास्त असतो तो एच. म्हणजे 'युनिव्हर्सल' म्हणून चढवलेली बाटली या माणसाच्या शरीरात गेली की त्या पेशी फुटायला लागतात. किडनी बंद पडू शकते, जीवही जाऊ शकतो. बॉम्बे गटाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

घाबरून जाऊ नका. रक्तपेढीत दुहेरी तपासणी होते. पेशी तपासतात तसंच तुमचा सीरम माहीत असलेल्या पेशींबरोबर मिसळून पाहतात. त्यात ओ गटाच्या पेशी वापरल्या की बॉम्बे गट लगेच उघडा पडतो. शिवाय बाटली देण्याआधी क्रॉसमॅच होतं, त्यात प्रत्येक ओ बाटली जुळत नाही म्हणून परत येते. खरी अडचण अपघातात किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावात येते, जेव्हा वेळ नसतो आणि सगळी भिस्त खिशातल्या जुन्या कार्डावर असते.

हा गट भारतात ढोबळमानाने दहा हजारांत एकाला सापडतो. युरोपात तो दहा लाखांत एखादा. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर होती. तुम्हीच भागाकार करा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत शंभरेक माणसं निघतील, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण ओ आहोत असंच वाटत असेल. हा अर्थात कागदावरचा हिशोब, पण कल्पना येण्यासाठी पुरेसा.

म्हणून तुम्ही ओ गटाचे असाल तर मी तुम्हाला एकच सांगतो : तब्येत चांगली असताना एकदा रक्तदान करा. रक्तपेढी दोन्ही बाजूंनी तपासणी करते, तुमचा गट पक्का कळतो आणि कोणाला तरी रक्त मिळतं. घरात कोणाचा बॉम्बे गट निघालाच, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण आई-वडील दोघांकडून तो एकेक जनुक आलेला असतो आणि प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या नात्यात लग्नं होतात अशा घरांत तो जास्त दिसतो. केईएमच्या आवारातच आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे अशा दुर्मिळ गटांवर अनेक वर्षं काम चालू आहे.

याच प्रश्नाचा आणखी एक पदर क्विझमध्ये रंगेल. वडील ए, आई ओ, मूल एबी. शक्य आहे का? दहावीचं पुस्तक म्हणेल, अजिबात नाही. आणि मग लोकांच्या नजरा आईकडे वळतात. पण आईचा गट खरोखर ओ नसून बॉम्बे असेल आणि तिच्या जनुकात बी दडलेला असेल, तर मुलाला आईकडून बी मिळतो, वडिलांकडून ए आणि जोतंही मिळतं. मूल एबी होतं, बिनतक्रार. रक्तगटाच्या कागदावरून कोणाच्या चारित्र्यावर बोलायच्या आधी हा प्रश्न प्रत्येक क्विझमास्तराने एकदा तरी विचारायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलाला सर्पदंश झाला तर विषावरच्या औषधाची मात्रा मोठ्यांच्या किती पट?

वैद्यकात मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून लोक 'अर्धी', 'पाव' असं सांगतात. उत्तर आहे : तेवढीच. साप चावताना समोरच्याचं वय बघत नाही. जितकं विष मोठ्यात सोडतो तितकंच मुलात, आणि औषधाला त्या विषाशी लढायचं असतं. हे उत्तर ऐकून सभागृहात नेहमी थोडी शांतता पसरते.

हे औषध घोड्यांपासून बनवतात. घोड्याला विषाचे अगदी छोटे डोस देत जातात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढतात. भारतातलं औषध चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. परळच्या हाफकिनमध्ये ते पूर्वीपासून बनतं.

या चौघांतला मण्यार मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो क्विझच्या सगळ्या अपेक्षा मोडतो. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावल्याचं बरेचदा कळतसुद्धा नाही. दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखतंय, उलटी होतेय म्हणून. घरचे ओवा देतात, ॲसिडिटीची गोळी देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अस्पष्ट होतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, तर साप दिसला नसला तरी थेट रुग्णालय गाठायचं. खारघरच्या डोंगराखाली, उलवे-पनवेलकडे, नव्या इमारतींच्या बांधकामावर खाली झोपणारी माणसं आहेत. त्यांना हे कोण सांगणार? गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारलाही लांब ठेवते.

घोणस आणि फुरसं याउलट रक्त गोठणं बंद करतात. त्याची तपासणी इतकी साधी आहे की लोकांचा विश्वास बसत नाही : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिलं, तर विष चढलंय. कोकणातल्या लहान आरोग्य केंद्रातही हे होतं, मशीन लागत नाही.

दंशाच्या जागी दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. हातपाय हलू न देता १०८ बोलवा आणि सरकारी रुग्णालयात न्या. औषध तिथे असतं.

विंचवाच्या दंशावर रक्तदाबाची गोळी?

हे रायगड जिल्ह्याने जगाला दिलेलं उत्तर आहे, आणि ते आपल्या मुलांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. कोकणातला लाल विंचू चावला की गंभीर झालेल्या मुलांपैकी बरीच दगावत असत. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे आवळणं सोडवणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी तेव्हा रक्तदाबासाठी मिळत होती. ती त्यांनी वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्यांचं लेखन १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नाही, परदेशी निधी नाही. महाडला बसून.

आणि उलटं वाटणारी गोष्ट ही : विंचू चावल्यावर जो मुलगा वेदनेने घर डोक्यावर घेतो, पण बाकी ठीक असतो, त्याची काळजी कमी. जो फार रडत नाही, पण घामाने थबथबलाय, हातपाय गार पडलेत, उलट्या होतायत, त्याला एक मिनिटही घरी ठेवू नका.

९८.६ हा आकडा कुठून आला?

जर्मनीतल्या लाइपझिग इथले डॉ. वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यातून ३७ अंश सेल्सिअस म्हणजेच ९८.६ फॅरनहाइट हा आकडा जगभर पसरला. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांची पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली, आणि निरोगी माणसाचं तापमान दिवसात ९९.९ पर्यंत जाऊ शकतं असं दिसलं. संध्याकाळी तर ते चढतंच.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे संध्याकाळच्या ओपीडीत '९९ ताप' घेऊन येणारी माणसं. अंगात कसकस नाही, खोकला नाही, फक्त आकडा. आणि हातात मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिकची पट्टी, दोन गोळ्या संपलेल्या. ९९ हा बहुतेक वेळा ताप नसतो. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, तर बाळ खेळत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे न्या. एकच थर्मामीटर, पण आकड्याचा अर्थ कोणाच्या काखेत आहे त्यावर बदलतो.

जुलाबावर साखर कशाला?

मीठ-साखर-पाणी सगळ्यांना माहीत असतं. पण साखर चवीसाठी घालतात असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे आतड्यात ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम हे जोडीने आत शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणी. कॉलऱ्यातसुद्धा हे दार उघडं राहतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये हे पाणी कालवून नातेवाइकांकरवी पाजलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं.

साखर प्रमाणाबाहेर झाली की मात्र ती पाणी उलटं आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक नको, आणि फळांच्या चवीचं गोड पाणी ओआरएस म्हणून नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली, ते योग्यच झालं. पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे का बघा, आणि ते पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घाला. एका ग्लासात चिमूटभर, पुढच्या ग्लासात पुन्हा चिमूटभर, हे करू नका. त्याने प्रमाण बिघडतं.

एक प्रश्न मात्र मी निव्वळ आनंदासाठी देतो, त्याचा रात्री दोन वाजता काही उपयोग नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याकडची कोणती शस्त्रक्रिया सचित्र छापली? नाक बसवण्याची. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकत असे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तसाच राहिल्यावर त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवं नाक बसवलं गेलं. आधी नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ तुकडा करून तो कपाळावर सपाट ठेवला, त्याभोवती आखणी केली, आणि मग कातडी उचलली. इंग्रज डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. वीस वर्षांनी लंडनच्या कार्प्यू यांनी ते करून पाहिलं, आणि आजचे प्लास्टिक सर्जन कपाळाची ती पट्टी अजूनही वापरतात. त्या लेखात रुग्णाचं नाव आहे. शस्त्रक्रिया करणारा वीटकाम करणाऱ्यांच्या जातीचा होता, एवढंच लिहिलंय. त्याचं नाव नाही. त्यामुळे 'कोणी केली?' हा प्रश्न क्विझमध्ये विचारताच येत नाही. 'कशी केली?' एवढंच विचारता येतं, आणि मला तोच प्रश्न जास्त आवडतो.

तर यंदाच्या आयोजकांनो, माझ्याकडून प्रश्न जरूर घ्या, पण एका अटीवर. उत्तर वाचल्यावर 'मग काय करायचं' हे एक वाक्य माइकवर वाचायचं. गुण हवे तर त्याला देऊ नका.

यादीतला शेवटचा प्रश्न इथेच देऊन टाकतो, कारण भटकी कुत्री प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत. कुत्रा चावल्यावर पोटात किती इंजेक्शनं घ्यावी लागतात? 'चौदा' म्हणून अर्धं सभागृह हात वर करतं. उत्तर : एकही नाही. ती जुनी लस कधीच बंद झाली. आता लस दंडात देतात, पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, आणि जखम रक्ताळलेली असेल तर जखमेतच आणखी एक औषध द्यावं लागतं. चौदाच्या भीतीने लोक दोन-दोन दिवस घरी बसतात. आणि 'मग काय करायचं' : हळद, चुना, तिखट काही लावू नका, नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखान्यात या.